माल का थांबलाय, त्यावर गोदाम ठरतं

गोदाम म्हटलं की चार भिंती, वर पत्रा आणि आत थप्प्या, एवढंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं. ते चूक नाही, पण त्यावरून गोदाम कोणत्या जातीचं आहे हे कळत नाही. बाहेरून जुळ्या भावंडांसारखी दिसणारी दोन गोदामं धंद्याच्या हिशेबानं पूर्ण वेगळी असू शकतात. एकात माल आठ महिने जागचा हलत नाही. दुसऱ्यात तो आठ तासांपेक्षा जास्त थांबला तर व्यवस्थापकाला जाब विचारला जातो. म्हणून प्रकार ओळखताना पहिला प्रश्न हा विचारावा की माल इथे का थांबलाय? भाव चढावा म्हणून, आत्ताच कर भरायचा नाही म्हणून, थंडाव्यासाठी, कर्जाला तारण म्हणून, की नुसतं एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जायला? उत्तर बदललं की इमारत बदलते, फरशी बदलते, कागदपत्रं बदलतात आणि नुकसान कुठून होणार तेही बदलतं.

भावासाठी आणि वेळेसाठी

पीक वर्षातून एकदा-दोनदा हाती येतं, खाणारी तोंडं मात्र रोजची. कारखान्यात याच्या उलट घडतं. मागणी वर्षभर थोडी थोडी असते, पण यंत्रावर एक साचा चढवला की पुढच्या दोन-तीन महिन्यांचा माल एकदमच काढून घेणं परवडतं, कारण साचा बदलण्यात आणि यंत्र पुन्हा जुळवण्यात कामाचे तास वाया जातात. दोन्हीकडे माल तयार होण्याची वेळ आणि खपण्याची वेळ जुळत नाही. मधला काळ गोदाम सांभाळतं. हे त्याचं सगळ्यात जुनं काम.

या थांबण्याला पैसे पडतात आणि तो हिशेब बरेच जण अर्धाच करतात. भाडं धरतात, बाकीचं विसरतात. समजा महिन्याचं भाडं मालाच्या किमतीच्या ०.८ टक्के आहे, गुंतलेल्या पैशावरचं व्याज १ टक्का, आणि विमा, कीडनियंत्रण व घट मिळून ०.४ टक्के. म्हणजे महिन्याला २.२ टक्के. पाच महिने माल ठेवला की ११ टक्के झाले. उतरवण्या-चढवण्याची हमाली वेगळीच. पाच महिन्यांत भाव १० टक्क्यांनी वाढला म्हणून खूश होणारा व्यापारी या हिशेबात तोट्यात आहे.

घटीतला एक भाग तर डोळ्यांना दिसतच नाही. १४ टक्के ओलाव्याचं १०० क्विंटल धान्य घ्या. त्यात ८६ क्विंटल सुकं द्रव्य आणि १४ क्विंटल पाणी. ओलावा १२ टक्क्यांवर आला की तेच ८६ क्विंटल एकूण वजनाच्या ८८ टक्के होतात, म्हणजे काट्यावर भरतात ९७.७३ क्विंटल. सव्वादोन क्विंटल हवेत उडून गेले, कुणी चोरले नाहीत. माल आत घेताना आणि बाहेर काढताना वजनाबरोबर ओलाव्याचा आकडा लिहिलेला नसेल, तर यावरून मालक आणि गोदामवाला यांच्यात हमखास जुंपते.

जागाच संपली तर काय होतं, ते २०२० साली कच्च्या तेलाच्या बाजारात दिसलं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात कुशिंग हे तेलाच्या टाक्यांचं मोठं केंद्र आहे, आणि डब्ल्यूटीआय या अमेरिकी प्रतीच्या तेलाच्या वायद्याची, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याची, डिलिव्हरी तिथेच घ्यावी लागते. महासाथीच्या टाळेबंदीत मागणी कोसळली, टाक्या भरत आल्या, आणि उरलेली रिकामी जागा आधीच कुणी ना कुणी भाड्यानं अडवून ठेवली होती. मे महिन्याचा सौदा संपायच्या आदल्या दिवशी, २० एप्रिलला, भाव पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. हातात सौदा होता पण टाकी नव्हती, असे लोक वर पैसे देऊन तेल दुसऱ्याच्या गळ्यात मारत होते. पुढच्या महिन्याचा भाव तेव्हाही शून्याच्या बराच वर होता. फरक फक्त महिनाभर तेल ठेवायला जागा आहे की नाही, एवढाच.

पोती, रास आणि सायलो

धान्याच्या गोदामात खरा शत्रू ओलावा असतो. कीड आणि बुरशी त्याच्या मागून येतात. गहू आणि मका लांब मुदतीसाठी १२ ते १३ टक्के ओलाव्याच्या वर ठेवू नये, शेंगदाणा ७ टक्क्यांच्या आसपास. तेलबियांना एवढी कडक मर्यादा का? तेल पाणी धरत नाही. त्यामुळे दाण्यातलं सगळं पाणी तेल सोडून उरलेल्या भागात एकवटतं, आणि त्या भागापुरता दाणा आकड्यापेक्षा जास्त ओला असतो.

पोत्यांच्या गोदामात थप्पी थेट फरशीवर लावत नाहीत. खाली लाकडी फळ्या किंवा पॅलेट (माल रचून एकत्र उचलायची सपाट चौकट), भिंतीपासून सुमारे एक मीटर मोकळी वाट, आणि वर छताखाली माणूस वाकून बघू शकेल एवढी जागा. भिंतीजवळची वाट जागेची उधळपट्टी वाटते, पण ती नसेल तर मागच्या बाजूची गळती, उंदरांची बिळं आणि फुटलेली पोती माल बाहेर काढेपर्यंत कळत नाहीत. थप्पीचे थर वीटकामासारखे एकमेकांवर आडवे-उभे बांधतात, नाहीतर ती एका अंगाला कलते आणि मग खालच्या माणसावर येते.

सायलोत, म्हणजे सुटं धान्य भरायच्या उंच बंद कोठीत, जागा कमी लागते, हमाली वाचते, पण एक चोरटा दोष असतो. समजा धान्य उन्हाळ्याच्या अखेरीस भरलं आणि बाहेर थंडी पडली. पत्र्याला लागून असलेलं धान्य गार होतं, मधलं गरमच राहतं. मधली ऊबदार हवा वर चढते, माथ्याच्या थंड थराला भिडते आणि आपलं बाष्प तिथे सोडते. वरच्या थराला पापुद्रा धरतो, कोंब फुटतात, बुरशी येते. नमुना तपासला तर सरासरी ओलावा मात्र १२ टक्केच भरतो! म्हणून नमुना एका जागेचा घेऊन भागत नाही. लांब पोकळ सळई खुपसून मध्यातून, कडेतून आणि वेगवेगळ्या खोलीतून धान्य काढावं लागतं, आणि आत तापमान मोजणाऱ्या तारा सोडाव्या लागतात. दोन-तीन दिवसांत एखाद्या ठिकाणी तापमान सलग चढलं की तिथे कीड किंवा बुरशी जोर धरतेय असं समजावं. उपाय म्हणजे खालून पंख्यानं कोरडी, गार हवा सोडून सगळ्या राशीचं तापमान एकसारखं करणं. या पापुद्र्यावर पाय देऊन आत उतरणं जिवावर बेतू शकतं. खालून धान्य काढलेलं असेल तर पापुद्र्याखाली पोकळी असते, आणि वाहत्या धान्यात माणूस काही सेकंदांत गळ्यापर्यंत रुततो.

धुरीबद्दलही, म्हणजे विषारी वायू कोंडून कीड मारण्याबद्दलही, गैरसमज फार. फॉस्फीन वायूची ३ ग्रॅमची गोळी साधारण १ ग्रॅम वायू सोडते, पण गोळ्या किती घातल्या यापेक्षा वायू पुरेशा प्रमाणात किती दिवस कोंडून राहिला, यावर निकाल ठरतो. प्रौढ कीड लवकर मरते. अंडी आणि कोष चिवट असतात, त्यांना अनेक दिवस लागतात. ताडपत्रीला भोक असलं किंवा कडांवर वाळूच्या पिशव्या नीट बसवल्या नाहीत तर वरवरची कीड मरते, आतली उरते, आणि जी उरते तिची पुढची पिढी त्या वायूला जुमानत नाही. हा वायू माणसालाही मारतो, त्यामुळे हे काम प्रशिक्षित आणि परवानाधारक माणसांचंच.

पावती: माल जागेवर, व्यापार कागदावर

१८४२ साली अमेरिकेतल्या बफेलो इथे जोसेफ डार्टनं वाफेवर चालणारा धान्य उचलण्याचा पट्टा उभारला. बादल्या लावलेला हा पट्टा जहाजातलं सुटं धान्य थेट कोठारात चढवू लागला. पोती गेली, पण त्यांच्यासोबत ओळखही गेली. दहा जणांचा गहू एकाच कोठीत पडल्यावर हा कुणाचा आणि तो कुणाचा, हे सांगता येईना. त्यावर शिकागोच्या व्यापाऱ्यांनी शोधलेला उपाय आजही चालतो. आधी मालाची प्रत ठरवायची, त्या प्रतीचा सगळा माल एकत्र करायचा आणि मालकाला पावती द्यायची की अमुक प्रतीचा अमुक वजनाचा माल तुमच्या नावे जमा आहे. परत मिळेल तो तुमचाच दाणा नसेल, पण त्याच प्रतीचा असेल. माल जागेवर राहिला आणि पावती हातोहात फिरू लागली. शिकागोच्या वायदे बाजाराचा पाया हाच.

पावती दोन प्रकारची असते. एक नावावरची: माल फक्त त्याच माणसाला मिळतो. दुसरी हस्तांतरणीय: मागे सही करून दिली की मालाचा हक्क पुढच्याकडे जातो. दुसऱ्या प्रकारच्या पावतीवर बँक कर्ज देते, कारण कर्ज बुडालं तर पावती दाखवून माल उचलता येतो. पावतीत मालाचं वर्णन, प्रत, वजन किंवा नग, जमा केल्याची तारीख, ठिकाण, भाड्याचा दर आणि विमा या गोष्टी हव्यातच. गोदामवाला मालाचा मालक नसतो, राखणदार असतो. भाडं थकलं तर ते मिळेपर्यंत माल अडवून ठेवायचा हक्क त्याला बहुतेक देशांच्या कायद्यात आहे, पण हस्तांतरणीय पावती परत घेतल्याशिवाय माल सोडला तर ती जबाबदारी सर्वस्वी त्याची.

सगळी व्यवस्था एका गृहीतकावर उभी आहे: पावतीवर लिहिलंय ते आत खरंच आहे. १९६३ मध्ये ते कोसळलं. न्यू जर्सीतल्या बेयोन इथे अँथनी डी अँजेलिस याच्या कंपनीच्या टाक्यांमध्ये खाद्यतेल आहे असं दाखवणाऱ्या पावत्यांवर मोठमोठ्या बँकांनी आणि दलालांनी कर्जं दिली होती. पावत्या देणारी गोदाम कंपनी अमेरिकन एक्स्प्रेसची होती. प्रत्यक्षात बऱ्याच टाक्यांत पाणी होतं, वर तेलाचा थर. तेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे वरून बुडवलेली मोजपट्टी तेलानं माखूनच यायची. तपासनीस एका टाकीकडून दुसरीकडे जाईपर्यंत तेच तेल नळातून पुढच्या टाकीत पोहोचलेलं असायचं. फटका १५ कोटी डॉलरच्या वर गेला. २०१४ मध्ये चीनच्या चिंगदाओ बंदरात धातूचा एकच साठा अनेक ठिकाणी तारण ठेवल्याचं बाहेर आलं. मार्च २०२३ मध्ये लंडन मेटल एक्स्चेंज या धातूंच्या बाजाराच्या मान्यताप्राप्त गोदामात निकेल म्हणून नोंदलेल्या पोत्यांत चक्क दगड निघाले. नोंदीनुसार तो ५४ टन माल होता.

तिन्ही प्रकरणांत चोरीची तऱ्हा वेगळी, पण पळवाट एकच. माल मोजला, पण आत हात घालून पाहिला नाही. किंवा सगळा एकाच वेळी मोजला नाही. टाकी तपासायची तर तळापर्यंतचे नमुने काढावेत, पाणी लागलं की रंग बदलणारा लेप पट्टीला लावून तळाशी पाणी किती ते बघावं, आणि सगळ्या टाक्यांच्या झडपा बंद करून सील लावल्यावरच मोजणी सुरू करावी. पोती असतील तर बाहेरच्या रांगा मोजून आतल्याचा गुणाकार करू नये, कारण मध्यभागी पोकळ ठेवलेली थप्पी बाहेरून भरलेलीच दिसते.

कर पुढे ढकलणारं गोदाम

आयात माल बंदरात उतरला की सीमाशुल्क द्यावं लागतं. पण सगळा माल लगेच विकला जाणार नसतो. काही तर दुसऱ्या देशात पाठवायचा असतो. बॉन्डेड गोदामात, म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखालच्या गोदामात, माल कर न भरता ठेवता येतो. जेवढा बाहेर काढाल तेवढ्यावर कर. देशाबाहेर पुन्हा पाठवलात तर करच नाही. गोदामधारक सरकारला बंधपत्र लिहून देतो की माल गहाळ झाला तर करासह भरपाई माझी.

ब्रिटनमध्ये पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांनी १७३३ मध्ये तंबाखू आणि दारूसाठी असली योजना मांडली होती. नवा कर येतोय आणि अधिकारी दुकानात शिरणार, अशी हूल उठली, एवढा गदारोळ झाला की ती मागे घ्यावी लागली. अखेर १८०३ च्या कायद्यानं ब्रिटनला हे जमलं. वर्षभर आधीच लंडनमध्ये उंच भिंतींनी वेढलेले वेस्ट इंडिया डॉक्स उघडले होते, त्यामुळे माल राखायची सोय हाताशी होती. अमेरिकेनं तसा कायदा १८४६ मध्ये केला. तिथे आज माल आयात झाल्यापासून पाच वर्षांपर्यंत असा ठेवता येतो. स्कॉच व्हिस्कीचा धंदा तर याच व्यवस्थेवर टिकला आहे. कायद्यानं ती पिंपात निदान तीन वर्षं मुरावीच लागते. तेवढी वर्षं आधीच भरलेला कर अडकून पडला असता, आणि दर वर्षी लाकडातून उडून जाणाऱ्या भागावरचा करही विनाकारण गेला असता.

हिशेब साधा आहे. वर्षभरात विकायचा माल एकदम आणला आणि दर महिन्याला बारावा भाग काढला, तर कराची रक्कम सरासरी साडेपाच ते सहा महिने हातात राहते. कराचा दर जितका मोठा, तितका हा फायदा मोठा. कराचा दर नगण्य असेल तर बॉन्डेड गोदामाचं जास्तीचं भाडं आणि कागदपत्रांचा व्याप घेण्यात अर्थ नसतो.

इथे नुकसान किडीमुळे क्वचितच होतं, वहीमुळे होतं. कर भरलेला आणि न भरलेला माल एकाच रॅकवर मिसळणं, मुदत संपल्याचं लक्षात न येणं, नमुना म्हणून काढलेले चार खोके नोंदवायचे राहणं: मोजणीत तूट आली की गेलेल्या मालावर कर, व्याज आणि वर दंड. लेबल लावणं, वर्गवारी, नव्यानं बांधणी अशी कामं बहुतेक ठिकाणी परवानगीनं चालतात. मालाचं रूप बदलणारं उत्पादन करायचं तर वेगळा परवाना लागतो.

मुक्त बंदर हा याच्या पुढचा टप्पा: तिथे अख्खा परिसरच सीमाशुल्काच्या हद्दीबाहेर धरतात. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं स्पायशरश्टाट हे गोदामांचं नगर १८८८ मध्ये असंच सुरू झालं. लाकडी खांबांच्या पायावर उभी विटांची उंच गोदामं, एका अंगाला कालवा आणि दुसऱ्या अंगाला रस्ता. कॉफी, मसाले, गालिचे होडीतून दोरीच्या चाकावर थेट हव्या त्या मजल्यावर चढायचे.

थंड गोदाम

शीतगृह माल थंड ठेवतं. गरम माल थंड करणं त्याचं काम नाही. ही एक गोष्ट नीट कळली तर अर्धी नासाडी टळेल. गोठवलेल्या मालाची खोली उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली असते. तिच्यात न गोठवलेला माल सरळ नेऊन ठेवला तर खोलीचं तापमान चढतं, आधीपासून असलेल्या मालाचा वरचा थर सैल होऊन पुन्हा गोठतो आणि त्यात मोठे बर्फकण तयार होतात. गोठवायचं काम आधी उणे ३५ ते उणे ४० अंशांच्या जोरदार झोताच्या खोलीत उरकायचं असतं.

ताज्या मालाला 'जितकं थंड तितकं चांगलं' हा नियमही लागू नाही. केळी १३ अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते आणि नीट पिकत नाही. बियाण्याचा बटाटा २ ते ४ अंशांवर उत्तम टिकतो, पण वेफर्सचा बटाटा तिथे ठेवला तर त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर काप काळपट पडतात. त्याला ८ ते १० अंश लागतात. सफरचंदाच्या खास खोल्यांत प्राणवायू १ ते ३ टक्क्यांवर आणून फळाचा श्वासच मंद करतात. अशा खोलीत बाहेरून आलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो, त्यामुळे दाराला कुलूप आणि पाटी दोन्ही हवीत. सफरचंद इथिलीन हा पिकवणारा वायू सोडतं, म्हणून पालेभाजी त्याच्या शेजारी ठेवली की पिवळी पडते. लसी आणि बरीच औषधं २ ते ८ अंशांत राहतात. त्यांना गोठणं हे तापण्याइतकंच घातक.

इमारतीच्या बाजूनं सगळ्यात महागडी चूक फरशीखाली होते. उणे २५ अंशांच्या खोलीखालची जमीन वर्षानुवर्षं गार होत जाते, तिच्यातलं पाणी गोठून फुगतं आणि फरशी वर उचलली जाते. रॅक कलतात, दारं अडकतात. म्हणून इन्सुलेशनच्या खाली गरम करणाऱ्या तारा किंवा हवा खेळवणारे नळ आधीच घालतात. आत माल भरून झाल्यावर हा दोष दुरुस्त करणं म्हणजे खोली रिकामी करून फरशी फोडणंच.

धावत्या मालाचं गोदाम

दहा कारखाने शंभर दुकानांना थेट माल पाठवू लागले तर हजार फेऱ्या होतात, आणि बहुतेक गाड्या अर्ध्या रिकाम्या. मध्ये एक वितरण केंद्र ठेवलं की दहा मार्ग येणारे आणि शंभर जाणारे, मिळून एकशे दहा, आणि गाड्या भरलेल्या. वितरण केंद्राचं अस्तित्व या आकडेमोडीवर आहे. क्रॉस-डॉक हे त्याचं टोकाचं रूप: एका बाजूच्या दारांतून माल येतो, वाटला जातो, समोरच्या दारांतून त्याच दिवशी जातो, रॅक जवळपास नसतातच. मात्र येणारा माल कोणत्या दुकानाचा हे गाडी पोहोचायच्या आधी कळलेलं हवं. ती आगाऊ यादी चुकली की क्रॉस-डॉकचं रूपांतर दोन तासांत गच्च भरलेल्या गोंधळात होतं.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकी वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, त्यानंतर गोदामांची जागाही हलली. पूर्वी धक्क्याला चिकटून गोदामं लागायची, कारण सुटा माल उतरवून कुठे तरी ठेवावाच लागे. बंद कंटेनर थेट गाडीवर चढू लागल्यावर गोदामं बंदर सोडून महामार्गाच्या कडेला गेली, एकमजली आणि उंच झाली.

आतली सगळी मापं पॅलेटवरून ठरतात. सर्रास चालणारी दोन मापं म्हणजे १२००×१००० मिमी आणि युरोपातलं १२००×८०० मिमी. गंमत अशी की साध्या कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर, १२०० मिमीचे दोन पॅलेट शेजारी ठेवायचे तर २.४ मीटर लागतात. पाच सेंटीमीटरसाठी मांडणी बिघडते, एक आडवा एक उभा अशी जुळणी करावी लागते. लाकडी पॅलेट परदेशी पाठवायचा असेल तर लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून त्याचा शिक्का मारलेला हवा, नाहीतर पलीकडचं बंदर माल अडवतं.

साध्या फोर्कलिफ्टला वळायला साडेतीन ते चार मीटरची गल्ली लागते, काटे पुढे सरकवून माल उचलणाऱ्या रीच ट्रकला पावणेतीन-तीन, आणि अरुंद गल्लीच्या खास यंत्राला दोन मीटरच्या आत. गल्ली अरुंद केली की जागा वाचते, पण फरशी आरशासारखी सपाट लागते. दहा मीटर उंचीवर खालचा काही मिलिमीटरचा उतार कितीतरी पटींनी वाढून दिसतो. ड्राइव्ह-इन रॅकमध्ये गाडी आतच शिरते, त्यामुळे गल्ल्या वाचतात. मात्र शेवटी ठेवलेला माल आधी निघतो. मुदत संपणाऱ्या मालाला हा रॅक लावणं म्हणजे मागचे पॅलेट सडायला ठेवणं. त्यांना उतारावर चाकं असलेला रॅक हवा, एका बाजूनं भरायचा आणि दुसऱ्या बाजूनं काढायचा. आणि नियम 'आधी आला तो आधी' असा न ठेवता 'आधी संपणारा आधी' असा ठेवावा, कारण उशिरा आलेल्या खेपेची मुदत कधीकधी जुनीच असते.

रॅक कोसळण्याची सुरुवात बहुधा खालच्या खांबाला फोर्कलिफ्टच्या धक्क्यानं होते. खांब थोडासा वाकतो, कुणी सांगत नाही, भार उचलण्याची त्याची ताकद मात्र वाकण्याच्या मानानं फार जास्त उतरते. दर आठवड्याला खांब, बीमच्या अडकणीच्या खिळ्या आणि भाराची पाटी तपासावी, आणि वाकलेला खांब ठोकून सरळ न करता बदलावा.

ऑनलाइन विक्रीच्या फुलफिलमेंट केंद्रात माल पॅलेटनं येतो आणि नगानं जातो, त्यामुळे सगळ्यात जास्त मजुरी नग गोळा करण्यात जाते, आणि त्यातला मोठा वेळ चालण्यात. म्हणूनच रोज खपणारा माल दाराजवळ, कमरेच्या उंचीवर ठेवतात. रोबो वापरून माणसाऐवजी कपाटच हलवायची कल्पना इतकी पटली की अ‍ॅमेझॉननं २०१२ मध्ये ते रोबो बनवणारी किवा कंपनी ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. एक गोष्ट मात्र रोबोंनीही बदललेली नाही: जागा साधारण ८५ टक्क्यांच्या वर भरली की काम मंदावतं. आलेला माल ठेवायला मोकळी जागा सापडत नाही, तो गल्लीत थांबतो, गल्ली अडते, आणि संगणकात असलेला माल कुणालाच सापडेनासा होतो.

जिथे शेजार चुकला की जीव जातात

रसायनांच्या गोदामात कोण कुणाच्या शेजारी बसलंय, हे सगळ्यांत महत्त्वाचं. १२ ऑगस्ट २०१५ रोजी चीनच्या तिआंजिन बंदरात नायट्रोसेल्युलोज या सुकलं की पेट घेणाऱ्या रसायनाला ओलं ठेवणारा पदार्थ उडून गेला, ते उकाड्यात आपोआप पेटलं, आग शेजारच्या अमोनियम नायट्रेट या खत आणि स्फोटकांतल्या रसायनापर्यंत गेली आणि १७३ माणसं दगावली. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुत बंदरात वर्षानुवर्षं पडून असलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं; मृतांचा आकडा दोनशेच्या वर होता. तो माल विक्रीसाठी थांबलेला नव्हता. एका अडकलेल्या जहाजातून उतरवून ठेवलेला, आणि उचलायची जबाबदारी कुणीच न घेतलेला.

ज्वलनशील द्रवाच्या टाक्यांभोवती बांध घालतात. सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव मावेल एवढा तो असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. बांधातून पावसाचं पाणी काढायची झडप कायम बंद हवी. ती उघडी राहिली तर बांध असून नसल्यासारखा. साध्या गोदामातही थप्पीचा माथा आणि आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरमध्ये निदान ४५ सेंटीमीटर अंतर ठेवावं, नाहीतर पाणी पसरायला जागा मिळत नाही. ग्राहकानं परत केलेल्या लिथियम बॅटऱ्या, विशेषतः फुगलेल्या, मुख्य साठ्यापासून दूर, वेगळ्या खोलीत.

स्वतःचं, भाड्याचं की करारावरचं

ज्याची आवक-जावक वर्षभर जवळपास सारखी आहे त्याला स्वतःचं गोदाम परवडतं. हंगामी माल असेल तर सार्वजनिक गोदाम बरं: पॅलेटमागे आठवड्याचं भाडं आणि आत-बाहेर करण्याचा वेगळा दर. कराराच्या गोदामात दुसरी कंपनी जागा, माणसं आणि संगणक प्रणाली सगळं पुरवते, पण किमान मालाची हमी मागते. ती गाठली नाही तरी पैसे द्यावे लागतात. बरेच जाणते व्यापारी मिश्रण करतात. वर्षातल्या सर्वांत सुस्त महिन्याला पुरेल एवढी जागा स्वतःची, वरचा चढ भाड्यानं.

करार वाचताना दराच्या आधी दोन कलमं शोधावीत. पहिलं, मान्य घट किती टक्के आणि ती कशावर मोजायची, आलेल्या वजनावर की सरासरी साठ्यावर. दुसरं, नुकसानभरपाईची मर्यादा. अनेक करारांत ती किलोमागे ठरलेली असते, किमतीवर नाही. लोखंडी सळयांना ती पुरते. मोबाइलच्या खोक्यांना त्यातून दमडीही धड हाती लागत नाही. गोदामवाल्याचा विमा त्याच्या जबाबदारीपुरता असतो; मालाचा विमा मालकानं आपल्या नावे वेगळा उतरवावा, आणि साठा वाढेल तसा त्यातला आकडाही वाढवत राहावा.